पार दोन

माझ्या बायकोच्या मोठ्या मामांइतका निवांत माणूस मुंबईच्या हद्दीत राहतो, हे वरच्या कुणाला कळलं असतं तर मामांवर हद्दपारीचा हुकूमच निघाला असता. अख्खं अंधेरी घड्याळाकडे बघत दात घासायचं, त्या काळात मामा गॅलरीत उभे राहून समोरच्या नारळावर कावळा घरटं कसं बांधतो ते बघत दात घासत, आणि कावळ्याची काडी नीट बसल्याशिवाय चूळ भरत नसत. दाढीला बसले की एक गाल झाल्यावर चहा, मग दुसरा गाल. एकदा अर्ध्या दाढीवर कुणी तरी भेटायला आलं, गप्पा रंगल्या, आणि संध्याकाळी एका लग्नाच्या स्वागत समारंभाला मामा तसेच निम्मे गुळगुळीत गेले. बसस्टॉपवर बस भरधाव येऊन थांबली तर ते चढत नसत. "ही घाईत दिसता. हिका जाऊंदे," म्हणून बाजूला सरकत. माझं लग्न नवं होतं तेव्हा मी त्यांच्याबरोबर पार्ल्याला जायला निघालो होतो. घाईच्या सगळ्या बसेस सोडून देऊन आम्ही अखेर चालतच पोहोचलो. वाटेत मला म्हणाले, "बघा जावईबापू, बसमदी बसलो असतो तर हो रस्तो दिसलो असतो काय?" रस्ता रोजचाच होता, तरी नवा जावई म्हणून मी मान डोलावली.

हा निवांतपणा त्यांनी उतारवयात, अगदी ठरवून घेतला होता. मूळचे मालवणकडचे. तरुणपणी मुंबईत आले आणि थेट मालवाहू बोटीवर चढले ते केस पांढरे होईपर्यंत उतरलेच नाहीत. वर्षातून एकदा, कधी त्याहूनही उशिरा, महिनाभराच्या रजेवर घरी येत. येताना सेंटच्या बाटल्या, नायलॉनच्या साड्या आणि गोष्टी आणत. साड्या विरल्या, सेंट उडून गेलं, गोष्टी मात्र दर खेपेला वाढत गेल्या. प्रत्येक गोष्टीत एक वादळ असे, त्यात कप्तान घाबरा होई, आणि तो मामांना बोलावून विचारी, "आता काय करूया?" मामा स्वतः बोटीवर नेमकं काय काम करत, हे त्या गोष्टींमधून कधी कुणाला कळलं नाही. पण त्यांच्याशिवाय ती बोट बंदराबाहेर पडत नसावी, असा आमचा सगळ्यांचा समज होता.

त्यांना एकुलती एक मुलगी, वंदना. ती चार-पाच वर्षांची असताना मामा रजेवर आले, तेव्हा तिने मामीच्या पदराआडून विचारलं होतं, "आई, हे पाहुणे कधी जाणार?" हा किस्सा मामी रंगवून सांगायची. सगळे हसायचे, मामाही हसायचे, आणि मग उठून गॅलरीत जायचे. वंदना मोठी झाली, बँकेत लागली, आमच्याशी ठो ठो हसत बोलायची. वडिलांशी मात्र तिचं बोलणं "पाणी तापलंय", "पेपर आलाय", "तुम्हाला वाढू का" याच्या पलीकडे गेलं नाही. ती त्यांचा मान ठेवायची, आणि हेच मामांना खुपत असावं. ऐंशी सालानंतरच्या एका गणपतीत ते बोटीची नोकरी सोडून कायमचे घरी आले, आणि दिवाळीत वंदनाचं लग्न ठरलं. मुलगा मस्कतला नोकरीला. लग्न वैशाखात, त्यानंतर कागदपत्रं झाली की तीही तिकडे. म्हणजे मामांच्या हातात एक हिवाळा उरला. मला एकदा जिन्यात थांबवून म्हणाले, "पोरगी माझी, जावईबापू, पण वळखीची नाय. वळख होईसर ती जातली."

त्या हिवाळ्यात त्यांनी तो खेळ काढला.

खेळाचं खरं नाव डिस्क गोल्फ. मामा त्याला 'डिसगोल' म्हणत आणि मामी 'ती फेकाफेकी'. कधी काळी त्यांची बोट दुरुस्तीसाठी एका अमेरिकन बंदरात अडकली असताना मामा कंटाळून चालत चालत शहराबाहेर गेले. तिथे कुठल्याशा खेड्यातल्या बागेत माणसं प्लास्टिकच्या तबकड्या लांबवर फेकत होती, आणि झाडीत ठिकठिकाणी उभ्या केलेल्या लोखंडी टोपल्यांत त्या पाडत होती. टोपलीवर साखळ्या लोंबत होत्या, तबकडी त्यांच्यावर आपटली की खणकन आवाज होऊन खाली टोपलीत पडायची. ना आरडाओरडा, ना पंच, ना शिट्टी. मामांना ते फार आवडलं. येताना ते दोन तबकड्या घेऊन आले. पुढची कित्येक वर्षं त्यांतल्या एकीवर मामी तांदूळ निवडायची, आणि दुसरी दुधाच्या पातेल्यावर झाकण म्हणून होती. त्या हिवाळ्यात मामांनी दोन्ही ताब्यात घेतल्या, तेव्हा मामी म्हणाली, "आता दूध मांजराक घालूया काय?" पण तिने दिल्या.

मैदान म्हणून मामांनी आरे कॉलनीतला एक उतार निवडला. रस्त्यापासून जरा आत, म्हशींच्या गोठ्यांच्या वरच्या अंगाला, गवत आणि मोठमोठी झाडं. लोखंडी टोपल्या कुठून आणणार? मामांनी बांबूच्या पाट्या घेतल्या. सायकलच्या दुकानातून जुन्या चेनी मागून आणल्या, आणि बोटीवरच्या गाठी मारून पाट्या फांद्यांना टांगण्याची सोय केली. पाट्या तिथेच ठेवल्या तर गोठ्यातली माणसं गवत भरायला नेत. मामांची त्याला हरकत नव्हती. "पाटी चोरीक नाय गेली, कामाक गेली," असं ते म्हणत. पण खेळ अडतो म्हणून दर रविवारी ते सगळ्या पाट्या घरून नेत आणि घरी आणत. इस्त्रीची पँट, पांढरे कॅनव्हासचे बूट आणि खांद्यावर कोळणीसारखी पाट्यांची चळत, अशा थाटात ते आरेतून जाणाऱ्या बसमध्ये चढत. एकदा कंडक्टर म्हणाला, "काय मामा, आज पापलेट का सुरमई?" मामा म्हणाले, "काय नाय. रिकामेच नेतलंय, रिकामेच हाडतलंय." कंडक्टरला काय कळलं कोण जाणे, पण त्याने पाट्यांचं लगेज फाडलं नाही.

खेळायला आम्ही चौघं असू. मामा, वंदना, माझी बायको आणि मी. यांपैकी एकालाही तबकडी सरळ फेकता येत नव्हती, आणि ते कधीच यायची गरज पडली नाही, कारण मामांच्या खेळात सगळेच कच्चे लिंबू होते. एरवी पोरांच्या खेळात एखादं लहान भावंड कच्चा लिंबू असतं. ते आउट होत नाही, त्याच्यावर राज्य येत नाही. मामांनी हा हक्क सरसकट सर्वांना देऊन टाकला. फेक वाकडी गेली? परत टाका. झाडात अडकली? हलवा झाड, पडेल तिथून पुढे. माझी तबकडी एकदा गोठ्यात म्हशीच्या गव्हाणीत गेली, तेव्हा तिथला भैया ती धुऊन घेऊन आला आणि अदबीने म्हणाला, "मामाजी, आपकी थाली." मामांनी त्यालाही एक फेक टाकायला लावली. त्याची पहिल्याच झटक्यात टोपलीत गेली. किती फेकी झाल्या ते मोजायला मी सुरुवात केली, तर मामा चिडले. त्यांना चिडलेलं मी तेवढंच पाहिलं. "आपल्याक काय दुकान घालूचा हा?" म्हणाले. त्यानंतर कुणी मोजलं नाही.

पण खेळाचा खरा गाभा फेकण्यात नव्हताच. तो होता पारात. अमेरिकेतल्या त्या बागेत प्रत्येक टोपलीपाशी एक फलक होता, आणि त्याच्यावर लिहिलं होतं, 'पार ३', 'पार ४'. पहिल्या फलकाशेजारी एक बाकडं होतं आणि त्यावर तीन म्हातारे बसलेले होते. "आता आणि काय सांगूक होया?" मामा आम्हाला विचारत. "पार म्हणजे पार. आमच्या गावात पिंपळाचो नाय? अमेरिकेत पिंपळ नाय, म्हणान बाकडा. पार तीन म्हणजे तिघांनी बसाचा." त्यामुळे मामांनी आरेत पाटी टांगायच्या प्रत्येक झाडाच्या बुंध्याभोवती दगड रचून बसायला पार केला होता आणि दगडावर चुन्याने आकडा काढला होता. टोपलीत तबकडी पडली की आकड्याएवढ्या माणसांनी पारावर बसायचं, आणि मन भरलं की उठायचं. बसल्याशिवाय पुढची टोपली नाही. एखादा माणूस जास्त झाला तर त्याने उभं राहायचं. कमी पडला तर धरून आणायचा.

धरून आणलेल्यांची एक वेगळीच मजा होती. सरपणाची मोळी घेऊन चाललेली पाड्यावरची एक बाई मोळी उतरवून आमच्यात बसायची आणि जाताना "येते रं बाबा" म्हणून मामांनाच सांगून जायची. एक पहारेकरी, इथे दगड कुणाला विचारून लावले, असं दरडावत आला. मामा म्हणाले, "बसा, एक कमीच पडता." तो बसला, त्याने तंबाखू मळली, आणि दगडांचा विषय निघाला नाही. पण सगळ्यात वाट लागली ती 'पार पाच'ला. आम्ही चौघं, पाचवा हवा, आणि जवळपास चिटपाखरू नाही. मामा जाळीत शिरले आणि तिथे आडोशाला बसलेल्या एका जोडप्याला बाहेर घेऊन आले. पोरगा गयावया करत होता, "काका, आम्ही काही नाही केलं, आईशप्पथ!" मामा म्हणाले, "ता तुमचा तुमी बघा. पण हय पाच जणांचोच पार आसा. तुमच्यातला एकच बसतला." पोरगी आमच्यात टेकली आणि पोरगा वर्गाबाहेर काढल्यासारखा समोर उभा राहिला. सुरुवातीला मान वर न करणारी ती पोरगी थोड्या वेळाने वंदनाला तिच्या बांगड्या कुठे घेतल्या ते विचारू लागली. पुढच्या रविवारी दोघं आपण होऊन आली, येताना शेंगदाण्यांच्या पुड्या घेऊन.

त्या सकाळी आता आठवताना मला शंका येते की त्या खरंच मुंबईत घडल्या का. गवतावर धुकं असायचं. खालच्या गोठ्यांकडून शेणाचा आणि ताज्या दुधाचा मिसळलेला वास यायचा. म्हशी बाहेर निघाल्या की त्यांच्या पाठीवर बगळे उतरायचे आणि म्हशींबरोबर हळूहळू उतारावरून सरकत जायचे. कुणीतरी तबकडी फेकायचं, ती धुक्यात शिरून दिसेनाशी व्हायची, आणि आम्ही सगळे तिचा आवाज ऐकायला थांबायचो. बहुतेक वेळा आवाज यायचाच नाही. मग आम्ही ती शोधायला पांगायचो आणि शोधता शोधता कशाला आलो ते विसरायचो. बायको रानफुलं जमवायची. मी पारावर पाठ टेकून चक्क डुलक्या काढायचो. सोमवारी ऑफिसात फाइल उघडली तरी डोळ्यांपुढे ते गवत असायचं. मला वाटतं, आयुष्यात मी तेवढा सुखी फार कमी वेळा होतो.

फक्त एक पार तसाच राहायचा. शेवटची टोपली रस्त्यालगतच्या चिंचेला होती, आणि तिच्या दगडावर मामांनी काढलं होतं, 'पार २'. तिथे पोहोचलं की वंदना म्हणायची, "बस येईल आता," आणि पिशवी उचलून रस्ता ओलांडून स्टॉपवर जाऊन उभी राहायची. मामा एकटे त्या पारावर बसायचे. बसायचे तेही एका कडेला सरकून, बाजूची जागा मोकळी ठेवून. एकदा मला राहवलं नाही, मी जाऊन त्यांच्याशेजारी बसू लागलो, तर म्हणाले, "तुमी नको, जावईबापू. हय दोघांचाच हा." मी म्हटलं, "आपण दोघंच तर आहोत!" ते म्हणाले, "तसे दोघे नाय." मी मुकाट्याने उठलो.

याच सुमाराला माझ्या ऑफिसातल्या, गोल्फ खेळणाऱ्या एका साहेबांना मी सहज या खेळाबद्दल सांगितलं. ते इतके हसले की त्यांना ठसका लागला. पार म्हणजे चांगल्या खेळाडूला चेंडू घालायला जितके फटके लागावेत तो आकडा, बसण्याउठण्याशी त्याचा काडीचा संबंध नाही, असं त्यांनी मला समजावलं. कधी एकदा मामांना सांगतो असं मला झालं. पुढच्या रविवारी बसमधून उतरताना मी वंदनाला म्हटलं, "आज तुझ्या बाबांची गंमत करणार आहे मी." काय ते ऐकल्यावर तिने माझी बाहीच धरली.

"भावोजी, प्लीज, काही बोलू नका हं त्यांना. मला केव्हाच कळलंय. आमच्या बँकेत विचारलं होतं मी."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगून काय करू? मग ते मोजायला लागतील ना. कोण पुढे, कोण मागे. बसणार कोण मग?"

"तुला बसायला एवढं आवडतं, तर त्या चिंचेखाली का नाही बसत?"

पुढे मामा पाट्या सावरत चालले होते. "तिघंचौघं असली की कुणीतरी बोलतं, भावोजी. दोघांत काय बोलायचं? मला सुचत नाही, त्यांनाही नाही. समजा बसलो, आणि दोघंही तसेच गप्प राहिलो, तर? मग मी कायमचं तेवढंच घेऊन जायचं का?" एवढं बोलून ती भरभर पुढे गेली. मी साहेबांचा पार साहेबांनाच ठेवून दिला.

हिवाळा सरला. गवत पिवळं पडलं, पांगारे लाल झाले. लग्नघरात पाहुणे उतरायला लागले, तेव्हा मामी म्हणाली, "ह्या आयतवारी जावचा तर जावा, मगे फेकाफेकी बंद." तो शेवटचा रविवार. सगळ्या पारांवर आम्ही नेहमीपेक्षा जास्त वेळ बसलो, आणि शेवटी चिंचेपाशी आलो. वंदनाची फेक चुकली. परत चुकली. ती फेकत राहिली आणि तबकडी कधी रस्त्यावर, कधी झुडपात जात राहिली, आणि कुणालाही त्याची घाई नव्हती. मग ती तबकडी हातात घेऊन चालत टोपलीपाशी गेली आणि तिने ती हातानेच आत ठेवली.

"कच्च्या लिंबाला चालतं ना?" तिने विचारलं.

"चलता," मामा म्हणाले.

आणि ती पारावर बसली. मी आणि बायको लगबगीने रस्ता ओलांडून स्टॉपवर गेलो. रस्ता अरुंद आणि दुपार इतकी शांत, की तिकडचं सगळं ऐकू येत होतं. बराच वेळ ऐकू येण्यासारखं काहीच नव्हतं. माझी बायको माझा हात घट्ट धरून उभी होती. मग वंदनाचा आवाज आला.

"बाबा, तुम्ही बोटीवर दिवसभर काय करायचात हो?"

जन्मभर बोटीच्या गोष्टी सांगणारा माणूस या प्रश्नावर अडला. मला वाटलं, आता वादळ येणार, कप्तान येणार. पण मामा म्हणाले, "कांदे कापी होतंय."

"काय?"

"स्वयंपाक्याच्या हाताखाली होतंय मी. कांदे कापूचे, बटाटे सोलूचे. कप्तान मी लांबसूनच बघितलेलो."

वंदना हसली. आमच्याकडे हसायची तशी, ठो ठो. "एवढी वर्षं नुसते कांदे?"

"एवढी वर्षा. एक बरा होता, डोळ्यांत पाणी इला तरी कोण इचारीत नाय." मग थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "आणि तू? तू काय करी होतंस?"

"मी वाट बघायचे."

"रोज?"

"आधी आधी रोज," ती म्हणाली. "मग शाळा आली, अभ्यास आला. मग नाही."

तेवढ्यात बस आली. मी तिला हातानेच पुढे जायला सांगितलं. "बस गेली, बाबा," वंदना म्हणाली. "जाऊंदे," मामा म्हणाले. "तू सांग. पयल्यापासून सांग. मी पयल्यांदा गेलंय, थयसून." पुढचं ऐकणं बरं नव्हे म्हणून आम्ही दोघं रस्त्याने बरंच लांब चालत गेलो. बायको रडत होती, आणि माझीही अवस्था फारशी वेगळी नव्हती.

लग्न झालं. पावसाळ्याच्या तोंडावर वंदनाची कागदपत्रं आली. टॅक्सीत सामान आणि तिच्या सासरची माणसं झाल्यावर जागा उरली नाही, म्हणून निरोप बिल्डिंगच्या फाटकातच झाला. ती मामांच्या गळ्यात पडली, "बाबा, पत्र लिही हं," म्हणाली, आणि टॅक्सी निघाली. कोपऱ्यावर वळली. शेजारीपाजारी एकेक करून घरात गेले. मामा हात वर केलेले तसेच उभे होते. आयुष्यभर ट्रंक घेऊन निघून जाणारे तेच होते. कुणीतरी गेल्यानंतर मागे फाटकात राहिलेल्या माणसाने पुढे काय करायचं असतं, हे त्यांना माहीतच नव्हतं. शेवटी त्यांनी हात खाली घेतला आणि मामीकडे वळून विचारलं, "आता काय करूचा असता गो?"

"काय्येक नाय," मामी म्हणाली. "आत येवचा, आणि जेवाक बसाचा. पयलो दिवस जड जाता."

ती जिना चढू लागली. मामा तिच्या मागोमाग निघाले आणि मधल्या पायरीवर थांबले. "मी जाय तेव्हा, दर खेपेक, तू असाच करी होतंस?"

मामीने वळून पाहिलं नाही. वर जाऊन तिने दार उघडून धरलं, आणि मामा आत गेले.